डोंगरसिंहाचा माग

पंचतंत्रांतील बोलक्या गुहेची गोष्ट ज्यानें ऐकली नाहीं असें मूल आपल्याकडील सुशिक्षित घरांत क्वचितच आढळेल. सायंकाळीं आपल्या गुहेशीं परतलेला कोल्हा दारांतच थबकतो. कारण सिंहाचीं पावलें आंत गेलेलीं दिसतात, बाहेर आलेलीं दिसत नाहींत. पुढें तो गुहेला हांक मारतो व आंतला सिंह मूर्खपणानें ओ देतो, हा भाग मुलांना विशेष आवडतो. पण हांक मारण्याची युक्ति सुचण्यापूर्वींच कोल्ह्याचें निम्में काम झालेलें असतें; त्यानें पायांखालची धूळ वाचलेली असते. जमीन वाचण्याची ही विद्या आपल्या देशांत कातकरी, ठाकर, गोंड अशा रानांत राहणाऱ्या लोकांनीं जतन केली. पुस्तकें वाचणारे आपण मात्र तिला पारखे झालों. या विद्येचीं मुळाक्षरें गिरविण्याचा योग मला उतारवयांत आला, आणि तोहि सातासमुद्रांपलीकडे. त्याची हकीकत वाचकांस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु.

सन २०२४ च्या जानेवारींत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे चार महिन्यांसाठीं कॅलिफोर्नियांतील क्युपर्टिनो या गांवीं गेलों. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उपसागराच्या दक्षिणेस पसरलेल्या या सपाट खोऱ्यांत संगणकाच्या धंद्यानें जगभरचे लोक ओढून आणले आहेत. आणि त्यांत मराठी मंडळी इतकी आहेत कीं मुलांसाठीं मराठी शाळा भरते, भाद्रपदांत गणपति बसतो, आणि देशी दुकानांत थालीपिठाची भाजणीहि मिळते. खोऱ्याच्या पश्चिमेस सांताक्रूझ नांवाची डोंगरांची रांग उभी आहे. आपल्या सह्याद्रीप्रमाणेंच ती समुद्राच्या कडेनें धांवते, आणि तिच्याहि समुद्राकडील अंगास पाऊस अधिक व पूर्वेकडे कमी पडतो. फरक एवढाच कीं तेथील पावसाळा हिंवाळ्यांत येतो. उन्हाळाभर गवत वाळून सोन्याच्या रंगाचें झालेलें असतें, आणि आपल्याकडे संक्रांत येते त्या सुमारास तेथले डोंगर श्रावणांतल्यासारखे हिरवेगार होतात.

चिरंजीवांच्या घरापासून मोटारीनें दहा मिनिटांवर रँचो सॅन अँटोनियो नांवाचें सुमारें चार हजार एकरांचें राखीव रान आहे. तळाशीं ओढा, त्याच्या कांठीं ओक व लॉरेल यांची दाट सावली, आणि वरच्या उतारांवर पुरुषभर उंचीचीं चिवट झुडपें. हरणें इतकीं कीं वाटेच्या कडेला चरतांना माणूस आला तरी मान वर करीत नाहींत. रानटर्कीचे थवेच्या थवे हिंडतात, आणि संध्याकाळ झाली कीं कायोटी नांवाच्या, आपल्या कोल्ह्या-लांडग्यांच्या मधल्या अंगलटीच्या जनावराची कोल्हेकुई कानीं येते. या रानाच्या तोंडाशींच एक पाटी आहे. तिच्यावर एका पिंगट, लांब शेपटीच्या जनावराचें चित्र असून, या भागांत डोंगरसिंहाचा वावर आहे व तो समोर आल्यास काय करावें, याच्या सूचना दिलेल्या आहेत.

पहिल्याच दिवशीं आमच्या मंडळींनीं ती पाटी शेवटपर्यंत वाचून घेतली व चिरंजीवांस विचारलें, "अरे, सिंह आहे म्हणून लिहिलंय, आणि हीं माणसं खुशाल पोरंबाळं घेऊन फिरताहेत?" चिरंजीव हंसून म्हणाले, "आई, बारा वर्षं येतोंय मी इथं. सिंहाचं शेपूट देखील कधीं दिसलं नाहीं." यावर त्या जें बोलल्या तें मला पुढें अनेकदां आठवलें. त्या म्हणाल्या, "तुला दिसला नाहीं, त्याला तूं दिसला असशील."

हा डोंगरसिंह खरा सिंह नव्हे, हें आधीं सांगितलें पाहिजे. शास्त्रज्ञ त्याला 'प्यूमा कॉन्कलर' म्हणतात. यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'एकरंगी'. १७७१ सालीं लिनियस यानें त्याचें नामकरण केलें. 'प्यूमा' हा शब्द दक्षिण अमेरिकेंतील केचुआ भाषेंतला आहे. कूगर, पँथर, कॅटमाउंट अशीं त्याला इंग्रजींतच चाळीसहून अधिक नांवें आहेत. विष्णुसहस्रनामाची सर त्याला नसली तरी पशूंमध्यें एवढीं नांवें दुसऱ्या कोणाला मिळालेलीं नाहींत. याचें कारण त्याच्या राज्याचा विस्तार. उत्तरेस कॅनडांतील यूकॉनच्या बर्फापासून दक्षिणेस चिलीच्या टोंकापर्यंत, पर्वतांत, वाळवंटांत, दलदलींत, सर्वत्र तो आढळतो. नर सुमारें साठ-सत्तर किलो वजनाचा, मादी चाळीस-पंचेचाळीस किलोंची. शेपटी लांब, जाड, आणि टोंकाशीं काळसर. पिलें जन्मतां ठिपकेदार असतात व मोठीं होतांना ते ठिपके पुसले जातात. कुलानें तो सिंह-वाघांपेक्षां चित्त्याला अधिक जवळचा. त्याला डरकाळी फोडतां येत नाहीं. आपल्या चुलीपाशीं बसलेल्या मांजराप्रमाणें तो चक्क गुरगुरतो. क्युपर्टिनोहून मोटारीनें पाव तासावर लॉस गॅटोस नांवाचें टुमदार गांव आहे. मेक्सिकोच्या अमलांत, १८४० च्या सुमारास, तेथील जमिनीच्या सनदेला हें नांव मिळालें, आणि त्याचा अर्थ 'मांजरें'. म्हणजे ज्यांनीं या डोंगरांना नांवें दिलीं त्यांना येथला खरा यजमान कोण हें ठाऊक होतें.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत तीन दिवस सारखा पाऊस लागला होता. चौथे दिवशीं दुपारीं उघडीप मिळाली, तेव्हां मी व माझी सहा वर्षांची नात ओढ्याच्या कांठानें फिरून आलों. दुसरे दिवशीं रविवार होता. सकाळीं आम्ही सर्वच त्या वाटेनें निघालों असतां, एका वळणावर रानाची माहिती सांगणाऱ्या एक स्वयंसेविका बाई गुडघे टेंकून बसलेल्या दिसल्या. सत्तरीच्या पुढच्या, पण चालण्यांत तरुणांना मागें टाकणाऱ्या. त्यांनीं हातानेंच आम्हांला थांबविलें व जमिनीकडे बोट दाखविलें. ओल्या मातींत एक ठसा होता. वाटोळा, बशीएवढा, साडेतीन इंच रुंदीचा. पण माझी नजर खिळली ती दुसऱ्याच गोष्टीवर. त्या ठशाखालीं, अर्धवट पुसलेला, एका लहान बुटाचा ठसा होता. तळव्यावर चांदण्यांची नक्षी असलेले ते बूट माझ्या नातीचे होते.

त्या दिवशीं त्या बाईंनीं आम्हांला जें शिकविलें, तें येथें थोडक्यांत देतों. कारण आपल्याकडील बिबळ्याच्या ठशालाहि तें बहुतांशीं लागू पडतें.

पहिला प्रश्न, ठसा कुत्र्याच्या कुलाचा कीं मांजराच्या? कुत्रा, कोल्हा, कायोटी यांचीं नखें बाहेरच असतात, म्हणून बोटांपुढें नखांचीं टोंकें उमटतात. मांजराच्या कुळांतले प्राणी नखें म्यानांत ठेवून चालतात. चिखलांत पाय घसरल्यास अगर धांवतांनाच तीं कधीं काढतात. पण केवळ नखांवर भिस्त ठेवूं नये, कारण कडक जमिनीवर कुत्र्याचींहि नखें उमटत नाहींत. यासाठीं तळव्याची गादी पाहावी. डोंगरसिंहाच्या गादीच्या मागच्या कडेला तीन गोलवे असतात व पुढच्या कडेला दोन. कुत्र्याच्या गादीला पुढें एकच टोंक असतें. शिवाय मांजराची गादी बोटांच्या मानानें मोठी. तिसरी खूण घडणीची. कुत्र्याचा ठसा लांबट व दोन्ही अंगांनीं सारखा असतो. मधून रेघ ओढली तर डावें-उजवें जुळतें. मांजराचा ठसा वाटोळा पण किंचित् तिरका असतो. आपल्या हाताचें मधलें बोट जसें इतरांच्या पुढें असतें, तसें त्याचें एक बोट पुढें आलेलें असतें, आणि त्यावरून पाय डावा कीं उजवा हें सांगतां येतें.

नात हें सारें लक्ष देऊन ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "आजोबा, म्हणजे गौरीच्या पावलांसारखं! आजी काढते तेव्हां अंगठा आंतल्या बाजूला असतो, म्हणून डावं-उजवं कळतं." त्या बाईंना हें समजावून सांगतां सांगतां माझें इंग्रजी संपून गेलें, पण दारापासून देव्हाऱ्यापर्यंत रांगोळीनें पावलें काढून देवतेला घरांत आणावयाचें, ही कल्पना त्यांना फार आवडली.

दुसरा प्रश्न, जनावर मोठें कीं लहान? त्याच रानांत बॉबकॅट नांवाचें आंखूड शेपटीचें रानमांजर राहतें. त्याचाहि ठसा हुबेहूब तसाच, पण दोन इंचांच्या आंतबाहेरचा. म्हणून माग काढणाराच्या खिशांत पट्टी हवीच. भीतीनें पाहिलेलें पाऊल नेहमीं दुप्पट मोठें दिसतें. पट्टीला भीति नसते.

तिसरा प्रश्न, गेलें केव्हां? यांत कालचा पाऊस व नातीचे बूट हेच आमचे साक्षीदार ठरले. पाऊस दुपारीं थांबला होता व आम्ही चारच्या सुमारास तेथून गेलों होतों. सिंहाचा ठसा आमच्या ठशावर होता, म्हणजे तो चारनंतर गेला. त्याच्या कडा अजून धारदार होत्या, पण ठशांत ओकचें एक पान पडलें होतें, आणि एका बाजूनें किड्याची बारीक रेघ ठसा ओलांडून गेली होती. म्हणजे त्याला जाऊन कांहीं तास लोटले होते. रात्रीं केव्हांतरी, आमची मुलगी जेथें उड्या मारीत गेली त्याच वाटेनें, तें जनावर शांतपणें चालत गेलें होतें. सूनबाईंनीं मुलीचा हात धरला तो मोटारींत बसेपर्यंत सोडला नाहीं.

पुढील महिनाभर मी या विद्येच्या नादींच लागलों. माग पाहावयाचा तो सूर्य तिरपा असतांना, आणि ठसा आपल्या व सूर्याच्या मध्यें ठेवून. म्हणजे सावलीनें खळगे उठून दिसतात. भर दुपारीं तीच माती कोरी भासते. डोंगरसिंह चालतांना बहुधा पुढच्या पायाच्या ठशांतच मागचा पाय ठेवतो. पुढचा पाय जागा पारखून घेतो व मागचा त्याच जागीं पडतो. म्हणून वाळक्या पानांतूनहि त्याची चाहूल लागत नाहीं. पुढचा पंजा मोठा, मागचा थोडा लहान, यामुळें ठशाला दुहेरी कड येते. वाटेच्या कडेला कधीं पालापाचोळा मागें लोटून केलेला लहानसा ढीग व त्यापुढें दोन पायांचे ओरखडे दिसतात. ती नराची सीमेवरची खूण. पालापाचोळ्यानें झांकलेलें हरीण दिसलें तर मात्र तेथून ताबडतोब परतावें. कारण तें त्याचें झांकून ठेवलेलें ताट असतें, आणि धनी जवळपासच असतो. आठवड्यास सुमारें एक हरीण, असा त्याचा संसार चालतो.

माग किती दूरची कथा सांगूं शकतो, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २०११ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कनेक्टिकट राज्यांत मोटारीच्या धक्क्यानें एक डोंगरसिंह मेला. त्या भागांतून ही जात केव्हांच नाहींशी झाली होती. रक्तमांसाची तपासणी केली, तेव्हां तो नर मुळचा साउथ डाकोटांतील ब्लॅक हिल्स डोंगरांतला ठरला. आणि वाटेंतील मिनेसोटा व विस्कॉन्सिन राज्यांत आढळलेल्या खुणा त्याच्याच होत्या, हेंहि सिद्ध झालें. दीड हजार मैलांहून अधिक वाट तो एकटा चालत आला होता, बहुधा जोडीदारीण शोधीत. आणि ज्या दिशेला तो चालला होता, तिकडे ती नव्हतीच.

परंतु ठशाला सर्वच बोलतां येत नाहीं, हा धडा आपल्याच देशानें जगाला दिला आहे. ओरिसांतील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनीं वाघाच्या पंजाचा ठसा कांचेवर गिरवून वाघ मोजण्याची पद्धत बसविली, आणि १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेंत तीच वापरली गेली. पण एकाच वाघाचा ठसा चिखलांत निराळा व धुळींत निराळा उमटतो. शिवाय मोजणाराच्या मनांतला आंकडाहि नकळत त्यांत उतरतो. २००५ सालीं राजस्थानांतील सरिस्काच्या रानांत एकहि वाघ उरला नसल्याचें उघडकीस आलें, तेव्हां या पद्धतीवरचा विश्वास उडाला व पुढील गणनेपासून स्वयंचलित कॅमेऱ्यांचा आधार घेण्यांत आला. वाटेवरून कोणत्या जातीचें जनावर गेलें, केव्हां गेलें, कोणीकडे गेलें हें ठसा सांगतो. तें नेमकें कोणतें, हें त्याला क्वचितच सांगतां येतें.

मार्चच्या पहिल्या आठवड्यांत मी, चिरंजीव व नात असे तिघे परत फिरलों होतों. सूर्य मावळतीला आला होता. समोरच्या उतारावर पांच-सहा हरणें चरत होतीं. एकाएकीं त्या सर्वांनीं माना वर केल्या आणि सर्व कान एकाच दिशेला वळले. झाडांतल्या निळ्या पक्ष्यांनीं कलकलाट मांडला. मी नातीला तेवढेंच दाखवीत होतों, तोंच चाळीस-पन्नास पावलांवर झुडपांतून तो वाटेवर आला. प्रथम मला वाटलें, हरीणच, रंग तसाच. मग ती शेपटी दिसली, जवळजवळ जमिनीला टेंकलेली व टोंकाशीं किंचित् वर वळलेली. तो थांबला. त्यानें मान वळवून आमच्याकडे पाहिलें. त्या पाहण्यांत राग नव्हता, भीतीहि दिसली नाहीं. आपल्या ओटीवर अनोळखी माणूस येऊन बसला असतां घरचा कर्ता पुरुष जसा पाहतो, तसें तें पाहणें होतें. चिरंजीवांनीं पाटीवरच्या सूचनेप्रमाणें पाठ न फिरवितां मुलीला वर उचलून घेतलें, आणि आम्ही दोघांनीं मोठ्यानें बोलावयास सुरुवात केली. मी काय बोललों हें मला आठवत नाहीं. चिरंजीव सांगतात कीं मी पुण्याच्या घराचा पत्ता सांगत होतों. पुढच्या क्षणीं वाट मोकळी होती. एक पानहि हाललें नाहीं. हरणें मात्र बराच वेळ तशींच उभीं होतीं.

घरीं आल्यावर या गोष्टीचें आरंभीं कौतुकच झालें. पण २३ मार्च रोजीं बातमी आली कीं त्याच राज्याच्या एल्डोराडो परगण्यांत, आमच्यापासून दीडशें मैलांवर, दोघां तरुण भावांवर डोंगरसिंहानें हल्ला केला व त्यांपैकीं एकाचा प्राण गेला. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर सूनबाई पाटावरून उठल्या नाहींत. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्हांला वाईट वाटेल, पण मला सांगितलंच पाहिजे. २०२० च्या फेब्रुवारींत आपल्या याच रानांत सहा वर्षांच्या मुलीवर त्यानं झडप घातली होती. बरोबरच्या माणसानं त्याला ढकलून दिलं म्हणून ती थोडक्यांत वांचली. तुम्ही ठसे वाचतां, पण हिची उंची साडेतीन फूट आहे. मला तिला पुन्हां तिकडे पाठवायचं नाहीं."

या बोलण्यांत वावगें कांहींच नव्हतें. आईच्या भीतीला आंकड्यांनीं उत्तर देणें हें मला प्रशस्त वाटत नाहीं. तरी आंकडेहि तिच्यापुढें ठेवणें अवश्य होतें. २००४ सालानंतर कॅलिफोर्नियांत या जनावरानें माणूस मारल्याची ही पहिलीच घटना होती. मध्यें वीस वर्षें गेलीं होतीं. उलट बाजू पाहिली तर १९०७ पासून १९६३ पर्यंत त्याला मारणारास सरकारांतून बक्षीस मिळे, आणि त्या काळांत बारा हजारांहून अधिक डोंगरसिंहांच्या कातड्यांवर बक्षिसें वांटलीं गेलीं. पुढें लोकमत पालटलें. १९७२ मध्यें त्याच्या शिकारीला तात्पुरती बंदी झाली व १९९० सालीं राज्यांतील मतदारांनीं प्रत्यक्ष कौल देऊन त्याला कायद्यानें खास संरक्षण दिलें. "ज्या लोकांनीं मत दिलं," चिरंजीव म्हणाले, "त्यांनाहि मुलं होतींच ना?" सूनबाई म्हणाल्या, "होतीं. पण त्यांतलं एकहि माझं नव्हतं."

यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग चिरंजीवांनीं एका प्रयोगाची माहिती सांगितली. याच डोंगरांत सांताक्रूझ येथील विद्यापीठाचे लोक २००८ पासून गळपट्टे बांधून या जनावरांचा अभ्यास करीत आले आहेत. त्यांनीं डोंगरसिंहांनीं मारलेल्या हरणांपाशीं ध्वनिवर्धक लपवून ठेवले. जनावर खावयास आलें कीं कधीं त्यांतून बेडकांचा आवाज निघे, कधीं माणसांचें साधें बोलणें. बेडकांच्या आवाजाला बहुतेक कोणी भीक घातली नाहीं. पण माणसाचा आवाज कानीं पडतांच बहुतेक सिंह ताटावरून उठून पळाले, आणि त्यांचा जेवणाचा वेळ निम्म्याहून कमी झाला. २०१७ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला. हें ऐकून आमच्या मंडळी, ज्या इतका वेळ भांडीं आवरीत होत्या, त्या म्हणाल्या, "मग प्रश्न मिटला. मी येईन रोज बरोबर. जातांना मोठ्यानं रामरक्षा म्हणेन, येतांना भीमरूपी. तुमच्या शास्त्राचंहि काम होईल आणि माझंहि." त्या रात्रीं सूनबाई पहिल्यानें हंसल्या.

तरीहि त्यांनीं अटी घातल्या, व त्या सर्वांनीं मान्य केल्या. सकाळीं नऊच्या आधीं व दुपारीं तीनच्या नंतर जावयाचें नाहीं. कारण संधिप्रकाश ही त्याची वेळ. मुलीनें दोन वडील माणसांच्या मध्येंच चालावयाचें, पुढें धांवावयाचें नाहीं. तो दिसलाच तर पळावयाचें नाहीं. पळणारें तें भक्ष्य, एवढेंच त्याला कळतें. हात वर करून, आहों त्याहून मोठें दिसून, त्याच्याकडे पाहत, ठांसून बोलत मागें मागें यावयाचें. आणि त्यानें अंगावर उडी घेतलीच तर हाताला लागेल त्यानें झुंजावयाचें. हे नियम नातीनें पाढ्यांप्रमाणें पाठ केले.

मला स्वतःला पुढें विचार करितां करितां एका गोष्टीचें अधिकच दुःख वाटूं लागलें. जो आपल्या बोलण्यालाहि भितो, त्याला जावयास आपण जागा ठेवलेली नाहीं. सांताक्रूझचे डोंगर पश्चिमेस समुद्र, उत्तर व पूर्व बाजूंस शहरें आणि महामार्ग यांनीं वेढलेले आहेत. एका नराला शेंकडों चौरस किलोमीटरांचें राज्य लागतें. तरुण नराला बापाचें राज्य सोडून दुसरें शोधावें लागतें, आणि तो बाहेर पडला कीं पुढें सहा-आठ पदरी रस्ता. १७ क्रमांकाच्या महामार्गाखालून २०२२ सालीं वन्य प्राण्यांसाठीं एक वाट बांधून पूर्ण झाली. दक्षिणेस लॉस एंजेलिसजवळच्या सांतामोनिका डोंगरांत तर अशा कोंडीमुळें आप्तांतच संतति होऊं लागली, व २०२० सालीं वांकड्या शेपटीचीं जनावरें तेथें आढळलीं. त्याच डोंगरांतून निघालेल्या 'पी-२२' नांवाच्या नराची कथा तेथल्या लहान मुलांनाहि ठाऊक आहे. दोन अजस्र महामार्ग ओलांडून तो २०१२ सालीं शहराच्या मध्यावरील ग्रिफिथ उद्यानांत आला, व तेथें दहा वर्षें एकटाच राहिला. त्याला जोडीदारीण कधींच मिळाली नाहीं. २०२२ च्या डिसेंबरांत, मोटारीच्या धक्क्यानें व जुन्या दुखण्यांनीं जर्जर झालेल्या स्थितींत, त्याला वैद्यांनीं शांतपणें मरण दिलें. फेब्रुवारी २०२३ मध्यें त्याच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेला हजारों माणसें आलीं. दहा पदरी रस्त्यावरून प्राण्यांसाठीं बांधावयाच्या मोठ्या पुलाचें काम २०२२ च्या एप्रिलांत सुरू झालें, त्यालाहि त्याच्याच कथेनें मोठें बळ दिलें.

लॉस एंजेलिस व मुंबई हीं १९७२ पासून एकमेकांचीं भगिनी-नगरें आहेत. तो करार झाला तेव्हां कोणाच्या मनांत आलें नसेल, पण दोघींत एक विलक्षण साम्य आहे. दोहोंच्याहि हद्दींत मोठ्या जातीचें रानमांजर नांदतें. तेथें डोंगरसिंह, आणि आपल्या बोरीवलीच्या रानांत बिबळ्या. जवळपासचे वारली लोक वाघोबाचीं स्थानें बांधून वर्षांतून एकदां त्याची पूजा करितात. शत्रूचा नाश कर, असें कांहीं त्या पूजेंत मागितलेलें नसतें. तूं तुझ्या वाटेनें जा, आम्ही आमच्या वाटेनें जातों, असा तो समजुतीचा करार असतो. सूनबाईंनीं घातलेल्या अटी याहून फारशा निराळ्या होत्या असें मला वाटत नाहीं.

मेच्या आरंभीं आम्ही परत आलों. त्यानंतर तो पुन्हां कोणाला दिसलेला नाहीं. परंतु दर रविवारीं रात्रीं आमचें दूरचित्रसंभाषण होतें, आणि पावसाळा सुरू झाला कीं नात प्रथम वही उघडते. गेल्या हिंवाळ्यांतील एका रविवारीं तिनें मला चित्र दाखवून सांगितलें, "आजोबा, चार बोटं, नखं नाहींत, मागें तीन गोल. पण रुंदी पावणेदोन इंचच भरली, म्हणजे बॉबकॅट. घाबरण्यासारखं कांहीं नाहीं." मी विचारलें, "बाळ, ओल्यांत बसून मोजलं कोणी?" तेव्हां पडद्यावर बाजूनें पट्टी धरलेला एक हात पुढें आला. हातांत हिरव्या बांगड्या होत्या, आणि कोपरापर्यंत चिखल.